कपबशीच्या घरात छत्री

आमच्या घरात टीव्ही मुकाच चालतो. ह्यांना ऐकू येत नाही आणि मला आवाज सोसत नाही. त्यामुळे बातम्या देणारी बाई रोज संध्याकाळी नुसती तोंड हलवते आणि आम्ही दोघं तिच्या भुवया बघून आज कुठं काय वाईट झालं असेल याचा अंदाज बांधतो. कानाचं मशीन आहे. मुलानं जालन्याहून आणून दिलं, ते कपाटात डबीत पडलंय. ते घातलं की भांड्यांचा आवाज थेट छातीत बसतो, असं ह्यांचं म्हणणं होतं. मी फार भांडले नाही. सत्तरी उलटल्यावर माणूस कशाकशासाठी भांडणार.

यंदा पुन्हा ग्रामपंचायत लागली. भोंगा बांधलेली रिक्षा सकाळी चहाच्या आधी गल्लीत शिरते. एकच गाणं, शब्द बदलून, तीन पार्ट्यांचं. पोरं येतात, पाया पडतात, पाया पडताना फोटो काढून घेतात आणि मी कोण आहे हे न विचारता निघून जातात. मी आशीर्वाद सगळ्यांना देते, त्याला काही खर्च लागत नाही. एवढी वर्षं बघितलं. कोणीही निवडून आलं तरी नळाला पाणी त्याच वारी येतं आणि रस्त्यावरचा खड्डा तिथंच राहतो, फक्त दर पाच वर्षांनी त्यात नवा मुरूम पडतो. आता चीडसुद्धा येत नाही. ह्यांचं बरं आहे. भोंगा दारात येऊन केकाटला तरी ह्यांच्या लेखी ती एक रंगीत रिक्षा.

नात संभाजीनगरला असते. सिनेमाचंच काही शिकते. त्याला कॉलेज लागतं हे मला तिच्यामुळं कळलं. ती मतदानाला म्हणून आली आणि आजोबा मुका टीव्ही बघतात हे बघून तिला वाईट वाटलं. मंग तिनं डोकं चालवलं आणि मोबाईलवरून टीव्हीवर एक जुना मूकपट लावून दिला. मुळातच मुका, त्यामुळे आजोबांचं काही बुडणार नाही.

कुठल्या तरी परदेशातलं छोटं गाव. तिथं नगराध्यक्षाची निवडणूक. एका बाजूला टोपीवाला तरुण, दुसऱ्या बाजूला एक ठेंगणी, नाकाडी बाई. दोघं एकमेकांच्या विरोधात उभी, आणि दोघांचा एकमेकांवर जीव. सभेत ती टेबलावर मूठ आपटते आणि खाली बसली की ह्याच्याकडे चोरून बघते. तो तिच्या विरोधात पत्रकं वाटायला निघतो, ती पावसात भिजताना दिसते, तर तीच पत्रकं तिच्या डोक्यावर धरतो. मध्ये मध्ये इंग्रजी पाट्या यायच्या. नात वाचून दाखवायला लागली, तर मी तिला गप्प केलं. पाट्या कशाला लागतात. बाई रुसलीय आणि टोपीवाल्याला कळत नाहीये, यात वाचायचं काय आहे.

हे मात्र पुढं सरकून बसले होते. इतकं हसताना मी ह्यांना किती दिवसांत बघितलं नव्हतं. सिनेमा संपला तसं ह्यांनी पडद्याकडे बोट केलं, मग माझ्याकडे केलं, आणि दोन्ही हातांनी छत्री उघडल्याचा आविर्भाव केला.

नातीनं विचारलं, आजोबा काय म्हणतात?

मी म्हटलं, काही नाही, म्हातारपण. पण ती पोरगी माझ्यावरच गेलीय, सोडते होय.

तर ऐक म्हटलं.

तेव्हा जालना जिल्हा झालेला नव्हता. आम्ही औरंगाबाद जिल्ह्यात होतो आणि जाफराबादला जायचं म्हणजे अर्धा दिवस मोडायचा. माझं माहेर आणि सासर एकाच गावात. मध्ये चौक, चौकात दोन चहाची दुकानं, बस्स. शेताला शेत लागून होतं, म्हणून सोयरीक झाली. मी मॅट्रिक पास. गावात तेव्हा मॅट्रिक झालेल्या मुली हाताच्या बोटावर, आणि मला वाटायचं की ती सगळी बोटं माझीच. शाळेच्या कपाटातल्या कादंबऱ्या मी वाचून संपवल्या होत्या. त्यातली नायिका रुसली की अबोला धरायची, नायक रात्र रात्र खिडकीशी उभा राहायचा. आमच्या खोलीच्या खिडकीला आतून तुरीची पोती लावलेली होती, ही बारीकशी अडचण माझ्या लक्षात आली नव्हती.

लग्नाला वर्ष व्हायचं होतं. हे दिसायला साधे, पण बोलायला गोड. बोलायला म्हणजे काय, तर दिवसभरातलं सगळं सांगायचे. बैल पाणी पिताना कसा फुरफुरला, विहिरीत कासव कुठल्या दगडावर बसलं होतं. मी कपाळावर आठी घालून ऐकायची. मला वाटायचं, नायक असा कासवावर बोलतो का.

त्यात ग्रामपंचायत लागली. आमच्या वार्डातून माझ्या वडिलांनी अर्ज भरला. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी भरला. भांडण काही नव्हतं. वडिलांना वाटलं, पोरगी दिलीय, सोयऱ्याचा मान म्हणून व्याही अर्ज मागे घेतील. सासऱ्यांना वाटलं, आपण वरपक्ष, मान आपला, व्याहीच मागे घेतील. दोघंही आपापल्या ओट्यावर पान खात दुसऱ्याची वाट बघत बसले आणि अर्ज मागे घ्यायची वेळ टळून गेली. त्या क्षणापासून दोघांचाही अपमान झाला. कोणी केला, हे कोणालाच सांगता आलं नसतं.

तिसरा एक अर्ज होता, पिठाच्या गिरणीवाल्याचा. गिरणीच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळं तो माणूस बोलायचाच नाही. त्यानं अर्ज का भरला हे त्यालाही सांगता आलं नसावं. त्याला कोणी धरतच नव्हतं.

मंग चिन्हं आली. वडिलांना छत्री, सासऱ्यांना कपबशी, गिरणीवाल्याला शिडी. आणि दोन्ही घरांतली अक्कल त्या दिवसापासून सुट्टीवर गेली. सासऱ्यांनी घरातल्या दोन छत्र्या माळ्यावर टाकल्या. सासूबाईंनी बाजारातून नव्या कपबश्या मागवल्या, आणि जो येईल त्याला चहा. भर दुपारी ताक मागणाऱ्यालाही चहा. तिकडं माहेरी उलटं. आईच्या कपबश्या माळ्यावर गेल्या आणि वडील चहा पितळी गिलासातून प्यायला लागले. गिलास तापायचा, बोटं भाजायची, पण बशी नाही म्हणजे नाही. माझा धाकटा भाऊ म्हणे ढग नसताना, ऊन नसताना, घरातल्या घरात छत्री उघडून जेवायला बसायचा.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण एक दिवस चौकात कोणी तरी सासऱ्यांना टोमणा मारला की तुमच्या घरातलं एक मत तर छत्रीलाच जाणार. माझं नाव मतदार यादीत नुकतंच आलं होतं. सासरे घरी आले, ओसरीवर बसले आणि माझ्याकडे न बघता, पण मला ऐकू जाईल असं बोलले.

"छत्रीचा गुलाल उधळला ना, तर सूनबाईनं तो तिकडंच जाऊन खेळावा. इकडं परत यायची तसदी घेऊ न्हाई."

सासरे शब्दाचे पक्के होते, म्हणून सासूबाईंच्या हातातली परात तिथंच थांबली. दोन दिवसांनी वडिलांचाही निरोप आला, मी दुकानातून काडेपेटी आणायला गेले तेव्हा. कपबशी निवडून आली तर माहेरच्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही. म्हणजे छत्री आली तर नवरा गेला, कपबशी आली तर आई गेली. आता सांगताना गंमत वाटते. तेव्हा मी चुलीपुढं बसून भाकरी थापत होते आणि पीठ हाताला चिकटतंय की हात पिठाला, हे कळत नव्हतं.

शहाणी बाई असती तर नवऱ्याला म्हणाली असती, की अहो, मला भीती वाटते, काही तरी करा. पण मी मॅट्रिक. मी ह्यांना कादंबरीतल्या नायिकेसारखं सांगितलं की निवडणूक होईस्तोवर मी तुमच्याशी एक शब्द बोलणार नाही.

हे म्हणाले, "बरं."

झालं. मला वाटलं होतं, दुसऱ्या दिवशी मनधरणी होईल, तिसऱ्या दिवशी डोळ्यांत पाणी येईल, चौथ्या दिवशी हे आपल्या बापाला ठणकावून सांगतील. ह्यांनी माझा शब्द खरा धरला. बोललं तर हिला राग येईल, म्हणून हेही मुके झाले. बैल बंद, कासव बंद. मी रुसून बसले होते आणि ते मला रुसायला मदत करून राह्यले होते.

मंग मी खोड्या सुरू केल्या. घरात सगळ्यांना कपबशीतून चहा, ह्यांना मुद्दाम पितळी गिलासातून. कपबशीच्या उमेदवाराचा मुलगा, आणि छत्रीवाल्यांच्या गिलासात चहा. सासूबाई बघून न बघितल्यासारखं करायच्या. हे गिलास उपरण्यात धरून शांतपणे प्यायचे आणि रिकामा गिलास माझ्यापुढं उपडा ठेवायचे, म्हणजे चहा आवडला. ह्यांच्या सदऱ्याची गुंडी तुटली. सदरा खुंटीला, गुंडी खिशात, आणि स्वतः दारात उभे. मी पांढऱ्या सदऱ्याला लाल दोऱ्यानं गुंडी लावली. हे तोच सदरा घालून प्रचाराला गेले.

प्रचार म्हणजे काय, तर पुठ्ठ्याची कपबशी, बैलाच्या डोक्याएवढी, काठीला बांधून गावातून मिरवायची. ते काम ह्यांच्याकडं. माझ्या माहेरच्या गल्लीतून जाताना हे ती कपबशी आपल्या तोंडापुढं धरायचे, ह्यांच्या सासूनं, म्हणजे माझ्या आईनं, ओळखू नये म्हणून. आईनं नंतर मला सांगितलं की कपबशीला जावयाच्या चपला होत्या, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

मी हसायचे नाही. नायिका हसत नाही. मी माळ्याकडं तोंड करून ओठ चावायचे आणि मनात हिशेब करायचे, की छत्री आली तर हे पितळी गिलास उपडे ठेवणारं माणूस मला पुन्हा दिसणार नाही. दिवस जवळ येत चालले तसा तो हिशेब मोठा होत गेला. पण बोलले नाही. आता विचार करते, तर त्या पोरीच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटतात.

मतदानाला थोडेच दिवस होते. रानात पऱ्हाट्या उपटायचं काम निघालं होतं. कापूस निघून गेला की झाडाच्या वाळक्या काड्या राहतात, त्या उपटून सरपणाला न्यायच्या. ऊन असं, की ढेकळाला हात लावला तर चटका बसावा. माझं सकाळपासून डोकं गरगरत होतं. सांगायचं कोणाला? बोलायचं तर नाही. उपटत राहिले. हे पलीकडच्या सरीत होते. ह्यांचं माझ्याकडे लक्ष होतं. एकदा तोंड उघडलं, मग आठवलं असावं, मिटलं. हातानं विचारलं, काय होतंय? मी हातानं सांगितलं, काही नाही. आणि तो हात खाली यायच्या आत मी सरीत बसले, म्हणजे पडले.

डोळे उघडले तेव्हा माझ्या डोक्यावर ह्यांचा रुमाल, दस्ती, भिजवून ठेवलेली होती आणि हे बांधावरून पलीकडे पळत होते. पलीकडे म्हणजे माझ्या वडिलांच्या रानात. गाडी सरपण भरून गावाकडं गेलेली, आमच्या छत्र्या माळ्यावर. वडिलांच्या आखाड्यावर, म्हणजे रानातल्या खोपीत मात्र प्रचाराची कोरी करकरीत छत्री खुंटीला टांगलेली होती. हे ती घेऊन आले. उघडली. माझ्या दंडाला धरून उठवलं, आणि आम्ही चालायला लागलो.

गावात जायला दुसरी वाट नाही, चौकातूनच जावं लागतं. चौकात सासऱ्यांचा मांडव. मांडवात माणसं, माणसांच्या हातात कपबश्या. आणि त्यांच्या उमेदवाराचा सख्खा मुलगा, ज्यानं एवढे दिवस पुठ्ठ्याची कपबशी नाचवली, तो विरोधकाची छत्री उघडून, विरोधकाच्या पोरीच्या डोक्यावर धरून, भर उन्हात हळूहळू चालत येतोय. स्वतः छत्रीच्या बाहेर. बोडकं डोकं, लाल दोऱ्याची गुंडी.

चहाचा कप तोंडाशी नेलेला माणूस तसाच राहिला. दुकानदार किटली तिरपी धरून उभा होता, चहा बाहेर सांडतोय हे त्याला कळलं नाही. सासरे उठून पुढं आले.

"हे काय करून राह्यला तू?"

ह्यांनी बापाकडं बघितलं. मग माझ्याकडं. मला वाटलं, आता बोलतील. सांगतील की हिला ऊन लागलंय. एवढंच तर सांगायचं होतं. पण ह्यांच्या अंगात ती सवय इतकी मुरली होती की ह्यांनी नुसती छत्री आणखी थोडी माझ्या बाजूला कलती केली. आणि आम्ही पुढं गेलो.

घरी सासूबाईंनी तळपायाला कांदा चोळला, कैरीचं पन्हं पाजलं आणि मुलाला एवढंच म्हणाल्या की बाबा, माळ्यावर आपल्या छत्र्या होत्याच की. जसं काही आपली छत्री उघडली असती तर ती कपबशी दिसली असती.

मला ऊन लागलं होतं हे गावात कोणाच्या डोक्यात आलं नाही. निवडणुकीत कोणाला ऊन लागत नाही, भूक लागत नाही. जे दिसेल ते राजकारण. कपबशीवाले म्हणाले, यांचा घरचाच पोरगा फुटला, मग आपण कशाला जीव काढायचा. छत्रीवाल्यांनी तर कमाल केली. ते म्हणाले, जावई उघड छत्री घेऊन फिरतोय आणि बाप त्याला अडवत नाही, म्हणजे व्याही-व्याही आतून एक आहेत, कोणीही आलं तरी घरातच, आणि आपल्याला येडं बनवून राह्यले. वडिलांना वाटलं, जावयानं आपली छत्री चोरून आपली टिंगल केली. सासऱ्यांनी मुलाशी बोलणं टाकलं. आता घरात तिघं मुके. दोन्ही बाजूची रुसलेली मतं तिसरी जागा शोधत गेली. तिसरी जागा एकच होती.

मतदानाला मी गेले. कोणाला दिलं ते विचारू नको. ते गुप्त असतं.

शिडी निवडून आली. गिरणीवाला म्हणे निकाल लागला तेव्हा दळत होता. त्याला ओरडून सांगितलं, तर त्यानं दळण पूर्ण करून मगच गिरणी बंद केली. गुलाल उधळला, पण तो ना छत्रीचा, ना कपबशीचा. मिरवणूक आमच्या दारावरून गेली, मग माहेरच्या दारावरून. मूठभर गुलाल दोन्ही उंबऱ्यांवर पडला. मी दाराआड उभी राहून सासऱ्यांच्या तोंडाकडं बघत होते. सून घरात राहणार की जाणार, हे त्या तोंडावर लिहिलं असणार होतं. सासरे मिरवणूक लांब जाईपर्यंत बघत राहिले. मग पायात चपला सरकवल्या आणि चौकात गेले. तिथं वडील आधीच बसलेले होते. दोघांनाही गिरणीवाल्याला शिव्या द्यायच्या होत्या, आणि त्यासाठी गावात एकमेकांएवढं योग्य माणूस नव्हतं. दोघं एका बाकावर बसले. दुसऱ्या दिवशी तक्रार द्यायची म्हणून एकाच जीपमध्ये जाफराबादला गेले. भजी खाऊन आले. तक्रार राहूनच गेली.

त्या संध्याकाळी मी चुलीवर चहा ठेवला. एका हातात कप घेतला, एका हातात गिलास. आणि एवढ्या दिवसांनी तोंड उघडायचं तर काय बोलावं, हे त्या मॅट्रिक पास बाईला सुचेना. कादंबरीतली सगळी वाक्यं ऐन वेळी पळून गेली.

मी म्हटलं, "चहा कशात देऊ?"

ह्यांनी कपाकडं बघितलं, गिलासाकडं बघितलं. मग म्हणाले, "कशातबी दे. पण अशी रोज विचारत जा."

एवढं सांगून मी थांबले. नात म्हणाली, आजी, याचा सिनेमा होईल. मी म्हटलं, कर, पण नायिकेला घरात आरसा देऊ नको, आधीच फुगलेली होती.

मतदानाचा दिवस उजाडला. ह्यांचे पाय आता भरवशाचे नाहीत आणि उन्हाचं तर काही सांगायलाच नको. नात म्हणाली गाडी सांगते. हे ऐकेनात, म्हणजे ऐकू आलं नाही आणि हे चपला घालून निघालेसुद्धा. मी दाराआडची छत्री घेतली. यंदाची चिन्हं निराळी. कोणाला बॅट, कोणाला गॅसची शेगडी, कोणाला टीव्ही. छत्री कोणालाच नाही, हे मी आधी विचारून घेतलं होतं.

छत्री मी धरली, ह्यांच्या डोक्यावर. उंचीला मी कमी, त्यामुळे हात वर करून धरावी लागते, खांदा भरून येतो. चौकात तीन मांडव. मी चालता चालता डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होते. पोरं मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेली. एकानं मान वर केली, बघितलं, आणि पुन्हा खाली घातली. एवढी मोठी छत्री चौकातून गेली आणि कोणाचा चहा सांडला नाही. खरं सांगते, मला जरा वाईटच वाटलं.

रांगेत उभं राहून कंबर धरली. बोटाला शाई लागली. येताना हे दोनदा थांबले, मीही थांबले. घरी आल्यावर खुर्चीत बसले ते डोळे मिटून. मला वाटलं झोपले. मलाही चहा करायचं जिवावर आलं होतं. पण मी उठले. करून झाल्यावर रोजच्यासारखी ह्यांच्यापुढं उभी राहिले, एका हातात कप, एका हातात गिलास. ओरडून बोलायचा मला कंटाळा येतो, म्हणून हल्ली मी नुसतं दाखवते, आणि हे नुसतं बोट करतात. बरीच वर्षं आमचं असंच चाललंय.

आज ह्यांनी बोट केलं नाही. आधी आपल्या कानाला हात लावला, मग माझ्या तोंडाकडं बोट केलं. शाईचं बोट.

मी विचारलं. आवाज न चढवता, अगदी हळू, जसं तेव्हा विचारलं होतं तसं. ह्यांनी माझे ओठ थांबेपर्यंत वाट बघितली आणि मान डोलावली.

चहा तोवर निवला होता. मी तो पुन्हा गरम करायला घेऊन गेले.